तिला सतरंज्या अंथरायला लावू नका



स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की मला माझीच एक चूक आठवते. ऐकू न येणाऱ्या एका मुलीला मी सतरंज्या अंथरायचं काम दिलं होतं. 'हिला गाणं कुठं ऐकू येणार?' असं मीच म्हणाले. नाच सुरू झाला तेव्हा ती पडद्याच्या कडेला उभी राहून एकेक हातवारा बरोबर करत होती. सगळा नाच पाठ!

बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं. तिथला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद डॉ. विकास आमटे यांनी उभा केला. त्यात अंध गायक आहेत, कुष्ठमुक्त कलाकार आहेत आणि ऐकू न येणारे नर्तकही आहेत. त्यांना समोरून इशारे देणारं कुणीतरी असतं, म्हणून पावलं तालावर पडतात. टाळ्या कलाकारांना मिळतात, त्या मिळायलाच हव्यात. पण मला इशारे देणाऱ्या त्या हातांचं जास्त कौतुक वाटतं. शिक्षकाचं काम यापेक्षा वेगळं काय असतं?

आपण गोसीखुर्दकडची माणसं, झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र जागून बघणारी. दाद द्यायची कशी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी यंदा त्या मुलीच्या आईनं मला विचारलंच, "मॅडम, लोक हसतील का?"

हसणार नाहीत, अशी खात्री मला देता आली नाही. "मी तिच्या समोर, पहिल्या रांगेत उभी राहते," एवढंच म्हणाले. सोमवारपासून मधल्या सुट्टीत आमची तालीम आहे.