नातीचा तंबोरा

“आजोबांचा तंबोरा घरांत असतां नातीस नवा कशाला?” असा प्रश्न बोदवडासारख्या गांवीं सहज निघतो. परंतु पुरुषाच्या पट्टीचा मोठा तंबोरा मुलीच्या पट्टीस चढविला कीं तारा तुटतात. न चढविला तर तिचा गळा दबतो. तिला लहान तंबोराच हवा. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तरी पारख कानानेंच करावी. नक्षीस भुलूं नये. पितळी खर्जाची आस ऐकावी, जवारीचा दोरा सरकवून नाद खुलतो का तें पाहावें. बैठकीसाठीं परगांवीं निघतांना तारा सैल करून वाद्य जाड खोळींत घालावें. खानदेशी उन्हांत भोपळा तडकतो, आणि मिरज कांहीं जवळ नाहीं! एखादा दागिना कमी करा; पण मुलीच्या गळ्यास तिचाच सूर मिळूं द्या.