पटाची दान कोणाच्या बांधीत?

धान कापून पुंजणे लागले की झाडीपट्टीतल्या गावोगावी एकच विचारणा सुरू होते, "यंदा पट केव्हा हाय?" जोडी कोणाची, धुरकरी कोण, बक्षीस किती, यावर पानठेल्यावर रात्री रंगतात. पण जोड्या ज्या पट्टीवर पळतात त्या दानीचा विचार करणारा माणूस विरळाच. आमच्या मते शंकरपटाचा सगळा स्वभाव त्या दानीत आहे, अन् दुर्लक्षही तिच्याकडेच होते.

पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे बैलगाडा शर्यती होतात. तिथे शर्यतीच्या जागेला 'घाट' म्हणतात आणि तो खरोखरच चढाचा असतो. गाड्याला चार बैल, पुढे घोडी. पळ संपता संपता चढामुळे गाडा आपोआप मंदावतो. आपल्याकडे तसे नाही. आपली दान धानाच्या बांध्यांतून निघते. धुरे फोडायचे, ढेकळे सपाट करायची, हलका छकडा जुंपायचा आणि जोडी सोडायची. पट उठला की तीच जमीन पुढच्या पावसाळ्यात रोवण्याला. म्हणजे आपली दान दरवर्षी नवी, आणि सपाट. सपाटीवर सुटलेली जोडी थांबवायला चढ नाही, फक्त धुरकऱ्याच्या हातातला कासरा आहे. म्हणून शेवटच्या झेंडीपुढे मोकळी जागा पाहिजे. नेमके तिथेच आपण चहाची दुकाने आणि पाहणाऱ्यांची गर्दी बसवतो!

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असे समजू नका. जर्मनीत आयफेलच्या डोंगरात 1927 साली मोटार शर्यतीसाठी न्यूरबर्गरिंग नावाचा रस्ता बांधला. एक फेरा 20 किलोमीटरच्या वर, सगळा चढउतार आणि वळणे, भोवती जंगल. 1976 साली तिथे निकी लाउडा हा नामांकित चालक पेटलेल्या गाडीत अडकला, त्याला इतर चालकांनीच ओढून काढले. एवढ्या लांब रस्त्यावर मदत वेळेत पोचवायची कशी, हीच अडचण होती. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्या लांब रस्त्यावर पुन्हा झाली नाही. जगभर नाव असलेल्या रस्त्याची ही गत, तर आपल्या दानीला कोण सोडणार?

बंदी काय असते ते आपण भोगले आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, तरी परवानगी मिळायला 16 डिसेंबर 2021 उजाडला. 18 मे 2023 ला घटनापीठाने हा कायदा कायम केला. पण परवानगी अटींसकट आहे : जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, पशुवैद्यकीय तपासणी, धाव 1000 मीटरपेक्षा जास्त नाही, काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई. सरपंच साहेब, तुतारी लपवून आणणारा धुरकरी ओळखीचा असला तरी त्याला दानीवर चढू देऊ नका. एका गावाच्या चुकीचा कागद पुढे सगळ्या जिल्ह्याविरुद्ध वापरला जाईल.

आता आमच्या कामाची गोष्ट. दान कोणत्या बांधीत काढायची? बहुतेक ठिकाणी जी रस्त्याजवळ ती. हे बरोबर नाही. कन्हार जमीन धान निघाल्यावर वाळते तशी तिला भेगा पडतात. वरून माती ओढून ती सपाट दिसते, पण भरधाव बैलाचा खूर भेगेत गेला तर पाय गेलाच म्हणून समजा. मोरांडी जमीन त्या मानाने बरी. बरडीवर भेगा नसतात, पण गोटे खुराला लागतात, ते वेचलेच पाहिजेत. फोडलेल्या धुऱ्याची जागा तर पायाने चालून, दाबून पाहावी. भुसभुशीत भरावावर जोडी अडखळते.

दुसरे, जागा दिवाळीच्या आधी ठरवा. उभ्या धानात लाखोळी, जवस फेकून झाल्यावर मंडळी बांधी मागायला येते, आणि गावाचे मन मोडू नये म्हणून गडी हो म्हणतो. पीक जाते ते जाते, वर हजारो पाय आणि गाड्यांनी जमीन दगडासारखी दबते. आधी सांगितले तर तो रब्बी दुसऱ्या बांधीत धरेल. दिवसा पट आणि रात्री नाटक असले म्हणजे मंडपाखालची जागाही त्याच हिशेबात येते. नाटक आपल्या मुलखाचा जीव आहे, त्याला विरोध नाही, पण जमीन फुकटची नाही.

बैलांबद्दलही थोडे बोलू. चिखलणीच्या कामात तरबेज अशी आपली काठाणी गाय-बैलांची जात 2023 च्या सुरुवातीला देशाच्या अधिकृत जातींच्या यादीत गेली. पटात मात्र मान बाहेरून मोठ्या पैशाने आणलेल्या जोडीचा. ट्रॅक्टरमुळे घरच्या जोड्या आधीच कमी होत चालल्या. गावगट नुसता नावाला न ठेवता नांगराला चालणाऱ्या काठाणी जोड्यांसाठी राखावा, बक्षीसही अंगावर येईल असे ठेवावे, असे आमचे मत आहे. घरी बैल ठेवायला तेवढेच एक कारण. आणि 2022 चा लम्पी आठवा. बाहेरगावची जोडी दावणीला येण्याआधी लसीचा दाखला मागा, त्यात मिंधेपणा कसला?

बांधीच्या मालकाला काय द्यायचे ते ग्रामसभेत ठरवून घ्या आणि पटाच्या जमाखर्चात बक्षिसांच्या वरच्या ओळीत लिहा. मृगाआधी धुरे पुन्हा बांधून द्यायची मजुरी आणि दबलेली जमीन खोल नांगरून द्यायचा खर्चही त्यातच धरा.