सात सेकंदांची चिठ्ठी

आमच्या शेजारी एक काका राहतात. निवृत्त शिक्षक. गेली कित्येक वर्षं दर निवडणुकीला एका पक्षाचे पोलिंग एजंट म्हणून बूथवर बसतात. कुठल्या पक्षाचे ते सांगत नाही. का, ते पुढे कळेलच. लाइटबिलं आणि घरपट्टीच्या पावत्या ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत काकांचे १७-सी फॉर्म असतात. मतदान संपलं की त्या बूथवर एकूण किती मतं पडली हे लिहून, सही करून मतदान केंद्राध्यक्षाने हजर एजंटांना जो कागद द्यायचा असतो, तो हा.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. विषय निघाला मशीनचा. हल्ली कुठेही जा, हाच विषय निघतो. बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत, एमआयडीसीतल्या कंपनीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. "बटण कुठलंही दाबा, मत तिकडेच जातं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता नुसतं हसून सोडून देतो.

काका म्हणाले, "माझ्या बूथची मतं मी जुळवून बघतो. जुळतात. मतं कुठे गेली ते मी सांगू शकतो. माणूस कुठे गेला ते कुठल्या फॉर्मात बघू?"

घरी आलो तरी हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडी उजळणी. पालघर लोकसभा मतदारसंघ २००९ पासूनचा. त्याआधी हा भाग डहाणू मतदारसंघात होता. पहिल्या निवडणुकीत बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव निवडून आले. २०१४ला भाजपचे चिंतामण वनगा. जानेवारी २०१८मध्ये वनगांचं निधन झालं आणि मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. तेव्हा मात्र सगळ्या महाराष्ट्राचे कॅमेरे आमच्याकडे वळले. सत्तेत एकत्र असलेले भाजप आणि शिवसेना इथे समोरासमोर! वनगांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेचे उमेदवार, आणि भाजपचे उमेदवार काही दिवसांपूर्वीच काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित. गावितांना २,७२,७८२ मतं, वनगांना २,४३,२१० आणि जाधवांना २,२२,८३८. पहिल्या आणि तिसऱ्यात पन्नास हजारांचं अंतर. याला म्हणतात चुरस.

अविश्वासाची मोठी लाटही तेव्हाच आली. मे महिन्याच्या उकाड्यात मशीन बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. मतदानाच्या संध्याकाळचा टक्का आणि नंतर जाहीर झालेला टक्का यांत फरक निघाला आणि त्यावर रान उठलं. लांबच्या पाड्यांवरचे आकडे उशिरा येतात, पहिला आकडा अंदाजाचा असतो, हे काका तेव्हाही सगळ्यांना समजावत होते. ऐकतो कोण!

पुढची गंमत बघा. २०१९ला युती झाली, जागा शिवसेनेला गेली आणि जागेबरोबर गावितही शिवसेनेत गेले. निवडून आले. श्रीनिवास वनगा त्याच वर्षी पालघरचे आमदार झाले. २०२२ला शिवसेना फुटली, दोघेही शिंदेंबरोबर गेले. २०२४ला लोकसभेची जागा भाजपकडे आली, गावित पुन्हा भाजपमध्ये आले, पण उमेदवारी हेमंत सवरांना मिळाली आणि ते १,८३,३०६ मतांनी जिंकले. ऑक्टोबरमध्ये गावित पुन्हा शिवसेनेत, विधानसभेचे उमेदवार म्हणून. ज्यांचं तिकीट त्यासाठी कापलं गेलं ते श्रीनिवास वनगा टीव्हीवर ढसाढसा रडले आणि मग दीडेक दिवस कुणालाच सापडेनात. आमच्या घरात त्या रात्री कुणी पक्षाबद्दल बोललं नाही. "पोरगं घरी येऊ दे" एवढंच आई म्हणाली.

इथे कुणा एका माणसाला झोडपायचं नाहीये. गावितांना प्रत्येक वेळी आपणच मतं देऊन निवडून दिलं, हेही खरं आहे. पण व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद जी चिठ्ठी दिसते, तिच्यावर नाव आणि चिन्ह दोन्ही असतं. मतदार ती जोडी बघून समाधानाने घरी जातो. सहा महिन्यांत नाव एकीकडे आणि चिन्ह दुसरीकडे गेलं, तर त्याने नेमकं कशावर विश्वास ठेवायचा?

माझा भाचा अमेरिकेत जॉर्जियात असतो. तिथलंही राज्य असंच, कधी इकडे कधी तिकडे. २०२०ला अध्यक्षपदाची सगळी, म्हणजे पन्नास लाखांच्या आसपास मतं तिथे हाताने पुन्हा मोजली. निकाल तोच. जानेवारी २०२१मध्ये तिथल्याच दोन जागांवर सिनेटचं बहुमत ठरलं. तरी संशय गेला नाही, असं तो सांगतो. म्हणजे कागद मोजूनही शंका उरतेच. मोजणी चोख हवीच, त्यात तडजोड नाही. पण नुसत्या मोजणीने विश्वास परत येईल असं मला वाटत नाही.

आमच्याच जिल्ह्यात डहाणूला माकपचे विनोद निकोले २०१९ला आणि २०२४ला एकाच चिन्हावर निवडून आले. मी त्यांच्या विचारांचा नाही. पण तिथल्या मतदाराला आपलं मत कुठे आहे हे पाच वर्षांनीही ठाऊक होतं, याचा मला हेवा वाटतो.

माझं म्हणणं साधं आहे. उमेदवार अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देतो. त्यात मालमत्ता येते, गुन्हे येतात, शिक्षण येतं. त्यातच आजवरचे पक्ष आणि वर्षं यांचाही एक रकाना हवा, आणि तो बूथबाहेर मोठ्या अक्षरांत लावलेला हवा. आणि निदान एक वर्ष सदस्य असल्याशिवाय कुठल्याही पक्षाने तिकीट देऊ नये. पक्ष बदलायला ना नाही, पण मग वर्षभर थांबा की! वाढवण बंदराचं काय, तारापूरच्या सांडपाण्याचं काय, हे त्या वर्षात नव्या झेंड्याखाली उभं राहून लोकांना सांगा. रणांगण आमचं आहे म्हणता, तर लढाई आमच्या प्रश्नांवरही होऊ द्या.

निघताना काकांना विचारलं, पुढच्या वेळी बसणार का बूथवर? ते हसले. म्हणाले, "बसणार तर. पण कुणाचा एजंट म्हणून, ते आदल्या दिवशी विचार."