एक प्यादे पुढे करा

खंडाळा म्हटले की आपल्याला बोरघाट आठवतो. साताऱ्याचा खंडाळा तालुका वेगळा. १८३१ साली याच तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाई फुले जन्मल्या. मुलींच्या हाती पाटी देणाऱ्या बाईंच्या या मातीत आता मुलींपुढे बुद्धिबळाचा पटही मांडला जावा, असे मला वाटते.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्याचा पहिला डाव पाहण्यासारखा आहे. समोर होती कोनेरू हम्पी. दिव्याने वजीरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले आणि मग उंटापुढचे प्यादे चक्क मारायला देऊ केले. हम्पीने ते घेतले. ही फार जुनी चाल. फुकटचे प्यादे घेताना काळ्याचे मधले प्यादे बाजूला जाते आणि पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा होतो. दिव्याची बाजू वरचढ झाली, तरी डाव बरोबरीतच सुटला. दुसराही तसाच. अखेर जलद डावांत ही एकोणीस वर्षांची पोर जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली.

हाताशी आलेला विजय निसटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा शांतपणे पटासमोर बसायचे, हे बळ कुठून येते? आपल्या घरांत काय चालते ते आठवा. पोरीने ढाल आणली तर पेढे, हरून आली तर ‘पुरे झाला आता खेळ!’ दहावी आली की पट माळ्यावर. मुलाचा एखादे वेळी खाली उतरतो, मुलीचा क्वचितच.

सांगलीने ही वाट बदलून दाखवली. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या. त्याच सांगलीची स्वाती घाटे पुढे राष्ट्रीय विजेती झाली. सांगली काही महानगर नव्हे. तिथे चिकाटीने पट मांडणारी माणसे होती, इतकेच.

पट आणि सोंगट्यांना फारसा खर्च नाही. शिरवळला, खंडाळ्याला, नायगावला शाळेची एक खोली शनिवारी दोन तास उघडी ठेवावी. घरच्यांनी तेवढ्या वेळापुरते मुलीला घरकामातून आणि शिकवणीतून सोडावे. आपण द्यायचे प्यादे ते एवढेच. बदल्यात बक्षीस लगेच मागू नये. पहिली काही वर्षे ती हरेल. तेव्हा कुठे चुकले ते तिलाच शोधू द्यावे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पाठवावे.