विश्लेषण : मोटारीची चाके बाहेर काढणारे ‘स्पेसर’ किती सुरक्षित? कायदा काय सांगतो?

कारखान्यातून आलेल्या बहुतेक मोटारींची चाके मडगार्डच्या थोडी आत असतात. ती १५-२० मिलिमीटर बाहेर आली की गाडी रुंद आणि दमदार दिसते. हा बदल स्वस्तात करून देणारी वस्तू म्हणजे व्हील स्पेसर. ऑनलाइन बाजारात आणि अॅक्सेसरीजच्या दुकानांत ते सहज मिळतात. मात्र चाक गाडीला जिथे जोडलेले असते, नेमका तिथेच हा बदल होतो. मार्च २०२३ मध्ये लॉस एंजेलिसमधील महामार्गावर एका पिकअपचे पुढचे चाक निखळले आणि शेजारच्या मार्गिकेतील मोटार त्यावर आदळून हवेत उडाली. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्या घटनेचा स्पेसरशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण निखळलेले चाक दुसऱ्याच्या गाडीचे काय करू शकते, हे त्यात दिसले.

स्पेसर म्हणजे नेमके काय?

चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी ही अॅल्युमिनियमची, क्वचित स्टीलची चकती. गॅरेजच्या भाषेत मोठा वायसरच. ३ ते ५ मिमीच्या पातळ चकत्या मूळ स्टडवरच सरकवतात. १० ते १५ मिमीसाठी लांब स्टड किंवा बोल्ट लागतात. साधारण २० मिमीपासून पुढे ‘बोल्ट-ऑन’ प्रकार येतो. यात स्पेसर आधी हबला आवळला जातो आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर बसते. मूळ स्टडची टोके स्पेसरबाहेर डोकावत असतील, तर चाकाच्या पाठीमागे तेवढे खळगे हवेत. नाहीतर चाक सपाट टेकत नाही. स्पेसरची जाडी चाकाच्या ऑफसेटमधून वजा होते. ऑफसेट ४५ असेल आणि १५ मिमीचा स्पेसर घातला, तर तो ३० होतो आणि दोन्ही बाजू धरून चाकांमधले अंतर ३० मिमीने वाढते.

सगळाच प्रकार धोकादायक आहे असे नाही. पोर्शने ९११ च्या काही मॉडेलांसाठी ५ मिमीचे स्पेसर कंपनीकडूनच पर्याय म्हणून दिले आहेत. मोठ्या ब्रेक कॅलिपरला चाक घासत असेल, तेव्हाही त्यांचा रास्त उपयोग होतो.

निवडताना काय जुळावे लागते?

दुकानदार सहसा पीसीडी विचारतो, म्हणजे स्टड किती आणि ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती. स्विफ्टचा ४×१००, क्रेटाचा ५×११४.३, जिम्नीचा ५×१३९.७. पण तेवढे पुरत नाही. हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यासही जुळला पाहिजे, तरच चाक बरोबर मध्यावर बसते. तो सैल असेल तर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरते.

फसगत होते ती आट्यांमध्ये. स्विफ्ट आणि आय२० या दोन्हींचा पीसीडी ४×१००, हबचा व्यासही दोन्हींचा ५४.१ मिमी. पण सुझुकीच्या १२ मिमी स्टडचे आटे १.२५ चे, तर ह्युंदाईचे १.५ चे. एकीचा नट दुसरीच्या स्टडवर जोर लावून चढवला तर आटे खराब होतात आणि नट आवळल्याचा नुसता भास होतो.

नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका चढावा, असा ठोकताळा आहे. १२ मिमीच्या स्टडवर १.५ च्या आट्यांचे ८ फेरे, १.२५ चे जवळपास १०. पाच मिमीची ‘निरुपद्रवी’ चकती १.२५ च्या आट्यांचे ४ फेरे खाते. म्हणून स्पेसर घालण्याआधी आणि घातल्यानंतर फेरे मोजावेत. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते होताना क्वचितच दिसते.

बसवताना चूक कुठे होते?

चाकाचा भार स्टडवर टांगलेला असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात नट आवळल्यावर चाक आणि हबचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात आणि त्या घर्षणावर चाक टिकते. स्पेसर आला की एका सांध्याचे दोन सांधे होतात. हबवर गंज, रंग किंवा माती राहिली असेल तर ती काही दिवसांत दबते आणि आवळ ढिला पडतो. त्यामुळे तारेच्या ब्रशने हब स्वच्छ करणे, गाडीच्या पुस्तिकेतील टॉर्क टॉर्क रेंचने देणे आणि ८०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणे आवश्यक ठरते. नुसत्या इम्पॅक्ट गनवर हे काम सोडू नये. बोल्ट-ऑन प्रकारात आतले नट तपासायला चाक उतरवावेच लागते. वरचे घट्ट आहेत म्हणून आतले घट्ट असतील असे नाही.

शिवाय चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला अधिक झटका देते. टायर मडगार्डला घासतो का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. पाच माणसे बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावे. केवळ दिसण्यासाठी बदल करायचा असेल तर योग्य ऑफसेटचे अलॉय चाक बरे. बेअरिंगवरचा ताण त्यानेही वाढतो, पण जादा सांधा येत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले आणि उच्च न्यायालयाचा सवलतीचा निकाल रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

आता अडचण अशी, की नोंदणी प्रमाणपत्रात ऑफसेटचा रकानाच नाही. पातळ चकती कलम ५२ च्या अक्षरात बसते का, यावर वाद घालता येईल. मात्र गाडीच्या मूळ नमुन्याची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत होते, ती कंपनीच्या चाकांसह; बाजारातून आणलेल्या चकतीसह नव्हे. जर्मनीत स्पेसरसोबत तांत्रिक अहवाल मिळतो, आणि बसवल्यावर गाडी तपासून घेऊन तो बदल गरजेनुसार कागदपत्रांत नोंदवता येतो. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती उरते ते दुकानदाराचे बिल.

हे बिल विम्याच्या वेळी उलटू शकते. कंपनीला न कळवलेला बदल सर्वेक्षकाला दिसला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवर वाद उभा राहतो. हब किंवा बेअरिंगच्या बिघाडात वॉरंटीचेही तेच. म्हणून स्पेसर घेण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे.