संगणकाचे पहिले पुस्तक कसे पारखावे?

नव्या विद्येची ओळख करून देणारे पहिले पुस्तक निवडताना आपण जितके बेसावध असतो, तितके बाजारातील दुसरी कोणतीही वस्तू घेताना नसतो. खानापूरचे मडके घेतानाही ते बोटाने वाजवून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. पुस्तकाच्या बाबतीत मात्र मुखपृष्ठावरील चित्र आणि ‘सात दिवसांत संगणक शिका’ असे एखादे आश्वासन, एवढ्यावर आपले समाधान होते. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण ज्या समाजाने निर्माण केली, त्याच समाजाला अशा आश्वासनांची भुरळ पडावी, हे नवल होय. संगणक, मोबाईल, वृत्तपत्र आणि समाजमाध्यमे यांची प्राथमिक माहिती देणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांचा खरा उपयोग किती आणि तो ओळखावा कसा, याविषयीचे आमचे विचार आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न आमच्या गावापुरता तरी किरकोळ नाही. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव. पुणे-बेंगळुरू महामार्ग येथूनच जातो आणि बेळगाव शहरही जवळच आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि यंत्राच्या पडद्यावर इंग्रजी, अशा तिहेरी व्यवहारात येथील मुले वाढतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला पुढे पदवीपूर्व वर्गात बहुधा इंग्रजीतून शिकावे लागते. ज्या घरात यापूर्वी कोणी संगणक हाताळलेला नाही, तेथे पहिले पुस्तक हेच शिक्षक ठरते. त्यात चूक असली तर ती दाखविणारे घरात कोणी नसते. म्हणूनच हे पुस्तक पारखून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम या पुस्तकांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या आगेमागे संगणकाची ओळख करून देणारी मराठी पुस्तके घरोघरी पोहोचली. कारकून, शिक्षक, गृहिणी, शेतकऱ्यांची मुले अशा असंख्य लोकांनी त्यांच्या आधारे प्रथमच कळफलकावर बोट ठेवले. ‘हे यंत्र आपल्यासाठी नाही’ ही भीती या पुस्तकांनी घालविली, हे त्यांचे मोठेच कार्य होय. पोहायला शिकणाऱ्याच्या कमरेला भोपळा बांधतात. त्याप्रमाणे आरंभी अशा आधाराची गरज असते. परंतु जन्मभर भोपळा बांधून कोणी पोहत नाही, हेही तितकेच खरे.

या पुस्तकांपैकी पुष्कळांचा मोठा दोष असा की, कोणती कळ दाबावी एवढेच ती सांगतात. ती का दाबावी, हे सांगत नाहीत. कळा बदलतात आणि पुस्तक व्यर्थ होते. मायक्रोसॉफ्ट वर्ड या लेखनाच्या साधनात पूर्वी पडद्याच्या वरच्या बाजूस शब्दांची एक यादी असे आणि तिचा आरंभ ‘फाईल’ या शब्दाने होई. २००७ च्या आवृत्तीत ती यादी जाऊन चित्रांची पट्टी आली. ‘फाईल’ हा शब्दच नाहीसा होऊन तेथे एक गोल चिन्ह दिसू लागले. पुढे २०१० च्या आवृत्तीत तो शब्द परत आला. ज्यांनी ‘डावीकडचा पहिला शब्द दाबा’ एवढेच पाठ केले होते, त्यांची या तीन वर्षांत किती तारांबळ उडाली असेल! विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ मध्ये आली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये तिच्या निर्मात्यांनी तिची देखभाल थांबविली. केवळ तिच्या पडद्यांची चित्रे छापून जी पुस्तके जाड झाली, ती आज रद्दीच्याच मोलाची आहेत.

याउलट, कारण सांगणारे पुस्तक लवकर शिळे होत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. लिहिलेला मजकूर ‘सेव्ह’ करावा, म्हणजे जतन करावा, असे प्रत्येक पुस्तक सांगते. परंतु का? संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. काम चालू असताना मजकूर ज्या स्मृतीत राहतो, ती विजेवर जगते. वीज गेली की ती पुसली जाते. दुसरी स्मृती वीज नसतानाही टिकते. जतन करणे म्हणजे पहिल्या स्मृतीतील मजकूर दुसरीत उतरविणे. पाटीवरचे गणित वहीत उतरवून घेण्यासारखेच हे आहे. ज्या गावात पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, तेथील मुलाला हे एकदा समजले की तो कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही चिन्हाखाली दडलेली ती सोय शोधून काढील. तीस पडद्यांच्या चित्रांनी जे साधत नाही, ते अशा एका परिच्छेदाने साधते.

यंत्र चालविणे आणि यंत्र समजणे यांतील अंतर आमच्या जिल्ह्याला नवे नाही. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाला. त्या दुकानातून सायकली नेणारे अनेक जण केवळ स्वार झाले आणि त्यांना तेवढे पुरेसेही होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र यंत्राच्या रचनेत रमत असे. म्हणूनच सायकलीवरून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळू शकले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. प्रत्येक विद्यार्थ्याने कारखानदार व्हावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु पहिल्या पुस्तकाने त्याला निदान यंत्राच्या आत डोकावण्याची हौस लावावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

दुसरी कसोटी अशी की, पुस्तक खरोखर मराठी वाचकासाठी लिहिलेले आहे, की परक्या पुस्तकाला केवळ मराठी कपडे चढविले आहेत? मोबाईलवरील साध्या लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते रोमन लिपीपुरते खरे आहे. देवनागरी संदेशात केवळ ७० चिन्हे मावतात, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी यांचीही गणना स्वतंत्र होते. याचे कारण सोपे आहे. एका संदेशात ११२० बिटांची जागा असते. रोमन चिन्हाला ७ बिट लागतात, देवनागरी चिन्हाला १६. भागाकार करून कोणीही पडताळा पाहावा. जे मराठी पुस्तक १६० चा आकडा देऊन थांबते, त्याच्या लेखकाने मराठीत एकही संदेश लिहून पाहिला नसावा, असा तर्क केल्यास तो फारसा चुकणार नाही.

लिपीच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वीच्या अनेक मराठी अक्षरसंचांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेला अर्ज, तोच अक्षरसंच नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण दूर झाली. देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५, तर कन्नड ‘क’ चा ३२२१. दोन्ही लिप्यांत त्यापुढचा क्रमांक ‘ख’ चा आहे. दोन लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, हे यंत्रानेही मान्य केले आहे!

याच तत्त्वावर भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातील इनस्क्रिप्ट कळफलक रचलेला आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत तो उपलब्ध आहे. त्यावर ‘काकती’ हा शब्द लिहावयाचा असेल, तर इंग्रजी के, ई, के, एल, आर या पाच कळा क्रमाने दाबाव्यात. आता कन्नड लिपी निवडून तेच गावाचे नाव लिहा. कन्नडात अखेरची वेलांटी ऱ्हस्व असल्यामुळे फक्त शेवटची कळ आरऐवजी एफ होते. बाकीच्या चार कळा त्याच राहतात. एकदा घेतलेल्या श्रमात दोन भाषांचे लेखन साध्य होते. सीमाभागातील मुलाला याहून उपयुक्त धडा कोणता असेल? तरीही हा कळफलक काही पुस्तकांत दोन ओळींत उरकलेला असतो, आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याच्या युक्तीला मात्र पाने दिलेली असतात. ती युक्ती तात्पुरती सोयीची आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जी रीत आपल्या वर्णमालेवर उभी आहे, तिची ओळख मुलाला आधी व्हावी.

तिसरी कसोटी शब्दांची. काही पुस्तके इंग्रजी शब्दांची इतकी खिचडी करतात की वाक्यात मराठी म्हणून केवळ क्रियापद उरते. दुसरी काही इतके अवघड संस्कृत शब्द योजतात की प्रयोगशाळेत त्यांचा उच्चार केल्यास शिक्षकही बुचकळ्यात पडतील. आमच्या मते मध्यम मार्गच हिताचा. संगणक, संकेतस्थळ, कळफलक हे शब्द आता रुळलेले आहेत; माऊस, प्रिंटर, मोबाईल हेही घरचेच झाले आहेत. प्रथम उल्लेख करतेवेळी ‘कळफलक, म्हणजेच कीबोर्ड’ असे एकदा सांगावे आणि पुढे जावे. उद्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला दोन्ही शब्द ठाऊक असले, तर त्याला तेथे मान खाली घालावी लागणार नाही.

चौथी कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ती माध्यमांविषयीची आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी माणूस वृत्तपत्र वाचीत आला आहे. आमच्या बेळगावात बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली ‘तरुण भारत’ काढले. छापील पत्र कोणी छापले व कोठे छापले, हे त्याच्या अंकावर द्यावे लागते. १८६७ च्या कायद्याने हे बंधन घातले. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. म्हणजे छापील बातमीला जाब विचारण्यासाठी एक नाव आणि एक पत्ता असतो. मोबाईलवर एकाकडून दुसऱ्याकडे येणाऱ्या संदेशाला ना नाव, ना गाव. संदेश पुढे कसा पाठवावा, हे पुस्तके चित्रांसह शिकवितात. तो केव्हा पाठवू नये, हे किती पुस्तके शिकवितात?

हा केवळ तात्त्विक प्रश्न नव्हे. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाईलवरून पसरल्या आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातही अशाच संशयाने एका तरुणाचा बळी गेला. त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर बंधन घातले. परंतु यंत्राने घातलेले बंधन निराळे आणि मनाने पाळलेला संयम निराळा. संदेश पाठविणाऱ्या बहुतेकांना यंत्र चालविता येत होते. त्यांना पारख शिकविलेली नव्हती. ‘हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? त्याला हे कसे कळले? दुसऱ्या कोणी याला दुजोरा दिला आहे काय?’ हे चार प्रश्न ज्या पुस्तकात नाहीत, ते माध्यमांचे पुस्तक अपुरे होय, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, आता पुस्तकांची आवश्यकताच काय? चित्रफिती पाहून शिकता येते आणि यंत्राला प्रश्न विचारला तर तेच मराठीत उत्तरही देते. हा आक्षेप पोकळ नाही. कोणती कळ दाबावी, हे चित्रफितीत अधिक चांगले दिसते, आणि म्हणूनच केवळ कळा सांगणाऱ्या पुस्तकांचे दिवस सरले आहेत. परंतु प्रश्न विचारण्यासाठी विषयाची काही बैठक लागते आणि मिळालेले उत्तर खरे की खोटे, हे ठरविण्यासाठी तर त्याहून अधिक लागते. यंत्र चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देऊ शकते. ती बैठक क्रमाने, सावकाश, मागे वळून वाचीत तयार होते. आणि ते काम चांगल्या लहानशा पुस्तकाइतके दुसरे कशानेही होत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी असे पुस्तक हाती येईल, तेव्हा प्रथम त्याचे प्रकाशनवर्ष पाहा. मग ‘जतन करणे’ हा भाग उघडा आणि तेथे कारण दिले आहे काय, ते शोधा. नंतर मराठी लेखनाचे पान काढा आणि त्यात सांगितल्याप्रमाणे आपल्या गावाचे नाव लिहून पाहा. शेवटी, संदेशाची सत्यता कशी पडताळावी याविषयी निदान एक पान तरी आहे का, हे बघा. एवढे करावयास अर्धा तास पुरे होतो. जो विद्यार्थी हे करील, त्याने आपला अभिप्राय एका चिठ्ठीवर लिहून त्या पुस्तकातच ठेवावा. पुढच्या वाचकाला ती चिठ्ठी मुखपृष्ठावरील आश्वासनापेक्षा अधिक उपयोगी पडेल. पालकांनाही आमची विनंती आहे की, पुस्तक किती जाड आहे हे पाहू नये. ते मिटून ठेवल्यावर मुलाला स्वतःच्या शब्दांत काय सांगता येते, ते ऐकावे.