विक्री मराठीत, मग धोक्याची सूचना परभाषेत का?

सीमाभागातील भाषेचा लढा म्हटला की दुकानांचे फलक, बसगाड्यांवरील गावांची नावे, शाळांची मान्यता आणि महापालिकेची परिपत्रके डोळ्यांसमोर येतात. हे सारे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर या ठिकाणी वारंवार लिहिले गेले आहे. परंतु ही सार्वजनिक जागेतील भाषा झाली. घराच्या आत, न्हाणीघराच्या बंद दारामागेही भाषेचा एक हक्क असतो, आणि तो थेट जिवाशी निगडित आहे. आज गॅस गीझर, त्याच्या पडद्यावर उमटणारे बिघाडाचे संकेत आणि त्याच्यासोबत येणारे सूचनापत्रक यांविषयी लिहावयाचे आहे. विषय यंत्राचा वाटेल. पण मूळ प्रश्न भाषेचाच आहे.

पूर्वी आपल्याकडे पाणी तापवायला तांब्याचा बंब असे. त्याला धुराडे असे, आणि धूर कोंडला तर डोळे चुरचुरत, ठसका लागे. बंब आपला धोका स्वतःच सांगत असे. त्यासाठी कोणालाही पुस्तिका वाचावी लागत नव्हती. गॅस गीझरला असा धूर नाही. तो भिंतीवर शांतपणे टांगलेला असतो आणि बोलतो ते केवळ छोट्या पडद्यावरील एका रोमन अक्षरातून व एका आकड्यातून.

त्याचे काम समजण्यास अवघड नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गॅसची झडप उघडते. दोन मोठ्या सेलांच्या बळावर ठिणगी पडते. ज्योत पेटली की तिच्याजवळची एक कांडी 'ज्योत आहे' अशी खूण आतील मंडलाला देते. ही खूण मिळाली नाही तर झडप बंद होते आणि पडद्यावर संकेत उमटतो. अनेक बनावटींत 'ई १' हा संकेत ज्योत पेटली नाही किंवा टिकली नाही, असे सांगतो. कारणे साधी असू शकतात: सिलिंडर संपलेला असणे, रेग्युलेटर बंद राहणे, सेल उतरलेले असणे, नवा सिलिंडर जोडल्यानंतर नळीत हवा राहणे किंवा पाण्याचा दाब कमी असणे. अन्य संकेत तापमान मोजणाऱ्या भागाचा बिघाड किंवा पाणी प्रमाणाबाहेर तापणे यांसाठी असतात. पाणी जड असेल तर आतील तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात, आणि अति तापण्यामागे तेही एक कारण असते.

आता या भाषेची मुख्य अडचण पाहू. ही भाषा एकसारखी नाही. प्रत्येक उत्पादक आपले संकेत स्वतः ठरवतो. एका गीझरवरील 'ई ३' चा अर्थ दुसऱ्यावरील 'ई ३' ला लागू होईलच असे नाही. ब्रिटनमध्ये घरोघरी असणाऱ्या गॅस बॉयलरचीही हीच गत आहे. ज्योत न पेटल्याची तक्रार व्हेलंटच्या बॉयलरवर 'एफ २८', वूस्टरच्या अनेक बॉयलरांवर 'ईए' आणि बॅक्सीच्या बॉयलरवर 'ई १३३' अशी दिसते. सारांश, संकेत ही कुलपाची भाषा आहे आणि त्याची किल्ली त्या-त्या यंत्राच्या पुस्तिकेतच असते. पुस्तिका ज्या भाषेत आहे ती घरच्यांना वाचता येत नसेल, तर पडद्यावरचा संकेत असून नसल्यासारखा.

अशा वेळी माणूस काय करतो? तो नळ बंद करून पुन्हा सोडतो, पुन्हा बंद करतो, पुन्हा सोडतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस बाहेर पडू शकतो आणि लहान खोलीत तो साचतो. सेल बदलणे, सिलिंडर व रेग्युलेटर पाहणे, पाण्याचा दाब तपासणे ही घरच्या माणसाची कामे; झाकण उघडणे, झडपेला किंवा गॅसच्या जोडाला हात लावणे ही जाणकार तंत्रज्ञाची. गॅसचा वास येत असेल तर संकेताचा विचारच करू नये: रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवावे. या मर्यादारेषा कोणत्याही पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, घरच्या भाषेत असावयास हव्यात.

परंतु सर्वांत मोठा धोका असा आहे की ज्यासाठी बहुतेक साध्या गीझरच्या पडद्यावर कोणताच संकेत नसतो. बंद खोलीत गीझर चालू राहिला की प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधील गॅसला ओळखू येण्यासाठी मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे धोका नाही' अशी आपली पक्की समजूत झाली आहे. या वायूपुढे ती समजूतच घातक ठरते. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट अधिक घट्ट जोडला जातो. आधी डोके दुखते, भोवळ येते, मळमळते; मग हातापायांतील बळ जाते आणि दाराची कडी काढणेही होत नाही. गीझर शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवावा, जळालेली हवा घराबाहेर जाण्याची सोय असावी, झरोका कधीही बुजवू नये, हे यंत्र सांगत नाही. ते केवळ कागद सांगतो. आणि तो कागद बहुतेक वेळा इंग्रजीत, कधी हिंदीत असतो.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. वेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार वेष्टनावरील अनिवार्य मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. अन्य भाषा जोडीला वापरण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. उत्पादक या किमान अटीपाशी थांबतात. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ८४ याहून पुढे जाते. हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीचा इशारा वस्तूसोबत नसेल, तर त्या कलमाने उत्पादकावर दायित्व येते. कलम ८६ विक्रेत्याविषयी आहे: उत्पादकाने दिलेले धोक्याचे इशारे ग्राहकापर्यंत पोहोचवले नाहीत आणि त्यातून हानी झाली, तर विक्रेताही उत्तरदायी ठरू शकतो. कलम ८७ मध्ये उघड किंवा सर्वज्ञात धोक्याबाबत उत्पादकाला बचाव दिला आहे. पण ज्या वायूला रंग नाही की वास नाही, त्याचा धोका उघड कसा म्हणता येईल?

भाषेचा उल्लेख या कलमांत नाही, हे मान्य. सारा वाद 'पुरेशा' या एका शब्दावर येतो. माझे मत असे की सूचना पुरेशी आहे की नाही हे कागदावरील ओळींच्या संख्येने ठरत नाही; ती ज्याच्यासाठी आहे त्याला समजते की नाही, यावरून ठरते. बेळगावात, खानापुरात, निपाणीत दुकानदार गीझरचे गुण मराठीत समजावतो, घासाघीस मराठीत होते, हप्ते मराठीत ठरतात. विक्रीची भाषा मराठी चालते. मग धोक्याची भाषा मराठी का चालू नये? ज्या भाषेत वस्तू विकली, त्याच भाषेत तिचा धोका सांगावा, हे तत्त्व न्यायाधिकरणांपुढे आग्रहाने मांडले गेले पाहिजे.

हा प्रश्न कन्नडच्या विरोधात नाही, हे स्पष्टपणे सांगतो. त्या पत्रकात मराठी नसते तशी बहुधा कन्नडही नसते. शेजारच्या घरातील कन्नडभाषक माउलीही त्याच 'ई १' कडे तितक्याच अगतिकतेने पाहत असते. सीमाभागात दोन्ही भाषांच्या लोकांनी एका मसुद्यावर सह्या कराव्यात असा हा विषय आहे. भाषिक अल्पसंख्याकांना महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, हे तत्त्व १९५६ च्या केंद्रीय निवेदनापासून मान्य झालेले आहे. सुरक्षिततेची सूचना त्याबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

एक जबाबदारी मात्र आपली आहे. मराठी सूचना मागायची तर ती कोणती मराठी, हेही सांगितले पाहिजे. 'कर्बएकप्राणिल वायूचे उत्सर्जन संभवते' असे छापल्याने भाषेची प्रतिष्ठा वाढत नाही आणि जीवही वाचत नाही. 'या यंत्रातून विषारी वायू निघू शकतो. त्याला वास येत नाही. दार-खिडकी बंद करून वापरू नका. डोके दुखले की लगेच बाहेर या.' ही चार वाक्ये आजीलाही कळतील आणि पाचवीतल्या नातवालाही. सेल, रेग्युलेटर, गीझर हे शब्द आता मराठीच आहेत. त्यांना हटवण्यात शक्ती घालवू नये.

मग करावे काय? गीझर घेताना मराठी सूचनापत्रक लेखी मागावे. मिळाले नाही तर नकार पावतीवर नोंदवून घ्यावा. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. तेव्हा ग्राहकविषयक अधिकाऱ्यांकडे मराठीतच निवेदने जाऊ द्यावीत. आणि पत्रक येईपर्यंत वाट पाहू नये. प्रत्येक तरुण मंडळाने व वाचनालयाने आपापल्या गल्लीतील गीझरांच्या पुस्तिका उघडून त्यांतील संकेतांचे अर्थ मराठीत लिहून, ते कागद गीझरशेजारी चिकटवण्याचे काम हाती घ्यावे. या हिवाळ्याआधी ते व्हावे. कारण थंडीत न्हाणीघराची खिडकी सर्वप्रथम बंद होते.